पेट्रोल भडकलं, पंपावर रांग लागली, आता काय करायचं? (खास नागपूरकरांसाठी)

रेट वाढला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या, एक म्हणजे चहा टपरीवर सरकारला शिव्या अन् दुसरी म्हणजे पंपावरच्या पोरासोबत भांडण. शिव्या द्या, त्याला आपली ना नाही, पण त्या पोराच्या हातात रेट नाही भाऊ, तो बिचारा मे महिन्याच्या उन्हात नोझल धरून उभा रायला. अन् ज्या गोष्टी खरंच त्याच्या हातात आहेत, म्हणजे झिरो, माप, बिल, त्या पाहायला कोणी थांबत नाही, सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. म्हणून हे लिहून काढलं, की राग कुठं काढायचा, पंपावर काय तपासायचं, अन् "उद्यापासून पेट्रोल बंद" असा मेसेज आला की काय करायचं.

आधी बातमी नीट वाचा

टंचाईची बातमी दोन प्रकारची असते, एक समुद्रातली अन् एक रस्त्यावरची. आपण दोन्हीला एकसारखे घाबरतो, तिथंच गडबड होते.

समुद्रातली म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी वगैरे. इराण अन् ओमानच्या मधली ही समुद्राची पट्टी, सगळ्यात अरुंद जागी तीस-पस्तीस किलोमीटर, म्हणजे बर्डीवरून निघालात तर बुटीबोरीच्या थोडं पुढं, बस. तेवढ्यातून जगात रोज लागणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा जातो. अन् आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, त्यातलं बरंचसं आखातातूनच, त्यामुळे तिकडे खुट्ट झालं की जागतिक बाजारात भाव त्याच दिवशी उसळतो. पण भाव वाढणं वेगळं अन् पंप कोरडा पडणं वेगळं. निघालेली जहाजं रस्त्यात असतात, रिफायनरीच्या टाक्या भरलेल्या असतात, डेपोत माल असतो, अन् शिवाय विशाखापट्टणम, मंगळुरू अन् पाडूरला जमिनीखालच्या गुहांमध्ये सरकारचा राखीव साठा असतो, ५३ लाख टन मावेल एवढी ती जागा आहे. म्हणजे रात्री टीव्हीवर जहाज जळताना दिसलं म्हणून सकाळी उठून पंपावर धावायची गरज नसते.

रस्त्यावरची बातमी मात्र लवकर झोंबते. खापरी-बोरखेडीकडच्या डेपोतून टँकर निघतात अन् पंपांवर खाली होतात, ते टँकर थांबले की एक-दोन दिवसांत पंप कोरडे. जानेवारी २०२४ आठवा. नव्या कायद्यातल्या हिट अँड रनच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हर लोकांनी १ तारखेपासून गाड्या उभ्या केल्या अन् आपल्याकडे पंपांवर ही गर्दी झाली, कॅन घेऊन लोक उभे, भांडणं. देशात तेल काही कमी नव्हतं, फक्त आणणारा स्टेअरिंगवर नव्हता. २ तारखेच्या रात्री बोलणी झाली अन् संप मागे घेतला. म्हणून मेसेज आला की पहिला प्रश्न विचारा, तेल थांबलं की टँकर थांबला? तेल थांबलं असेल तर खिशाची तयारी करा, टँकर थांबला असेल तर दोन-चार दिवसांची.

अन् तयारी म्हणजे काय तर बाकी काही नाही, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, बारा महिने. आपली सवय काय, रिझर्व्हला लागली की शंभराचं टाकायचं. पंपवाल्याचा माल याच सवयीच्या हिशोबानं मागवलेला असतो, अन् त्याला कंपनीला पैसे बहुतेक आधी भरावे लागतात त्यामुळे तो गरजेपेक्षा फार जास्त ठेवतही नाही. मग एका संध्याकाळी सगळ्या गावानं फुल टँक मागितलं तर टंचाई नसतानाही पंप रिकामा होणारच, अन् तो रिकामा झाला की पुढच्या मेसेजला फोटो मिळतो. ज्याची टाकी अर्धी आहे त्यानं त्या दिवशी घरी बसावं, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला अन् ऑटोवाल्याला भरू द्यावं.

बाटली, कॅन, पाण्याचा जार यात पेट्रोल आणून घरी ठेवणं तर डोक्यातूनच काढून टाका. नागपूरचा उन्हाळा, टिनाचं शेड, बाजूला देवघर किंवा गॅस, अन् पेट्रोलची वाफ जड असते, ती खाली जमिनीलगत पसरत जाते. पाच लिटर वाचवायला घर पणाला काऊन लावता?

रेटचा हिशोब स्वतः करता आला पाहिजे

हा भाग थोडा गणिताचा आहे पण पाच मिनिटं द्या, नंतर कोणी फेकून रायला की खरं बोलून रायला ते लगेच कळतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. डॉलर ८५ रुपये धरा (त्या दिवशीचा जो असेल तो टाका). कच्चं तेल बॅरलमागे १० डॉलरनं वाढलं तर ८५० भागिले १५९, म्हणजे लिटरमागे साधारण ५ रुपये ३५ पैसे. यावर राज्याचा व्हॅट लागतो, अन् तो टक्क्यात आहे, मुंबई-ठाणे सोडून आपल्या भागात गेली काही वर्षं २५ टक्के अन् वर लिटरमागे पाच रुपयांच्या वर ठोक रक्कम. म्हणजे ५.३५ चे ६.७० च्या आसपास झाले. केंद्राची एक्साईज ड्युटी मात्र लिटरमागे ठरलेली रक्कम असते, भाव वाढला म्हणून ती आपोआप वाढत नाही. यात गंमत अशी की तेल महाग झालं की राज्याची कमाई काही न करता वाढते, हे फार कमी लोक बोलून दाखवतात.

मग लोक विचारतात, तेल स्वस्त झालं तेव्हा आपल्याकडे काऊन उतरलं नाही? बरोबर विचारतात. कागदावर जून २०१७ पासून रेट रोज सकाळी सहाला बदलतो. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२१ पासून चार महिने काटा हललाच नाही, मधात पाच राज्यांच्या निवडणुका होत्या, अन् त्या उरकल्यावर २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ, एकूण दहा रुपये. तेव्हा नागपुरात १२० च्या घरात गेलं होतं. पुढं मे २०२२ ला केंद्रानं एक्साईज ८ रुपयांनी कमी केली, जुलैत राज्यानं ५ रुपये सोडले, अन् त्यानंतर थेट मार्च २०२४ ला २ रुपये उतरले. मधल्या काळात कच्चं तेल बरंच खाली आलं होतं, पण कंपन्यांनी आधीचा तोटा भरून काढला अन् आपण तसेच पाहत राहिलो. रोज बदलणारा रेट हा वर जातानाच रोज बदलतो, हे माझं मत आहे अन् ते कोणी बदलू शकलेलं नाही.

पंपावर उतरा, गाडीवरून खाली उतरा

डिक्की उघडायला तसंही उतरावंच लागते, तर मीटरकडे तोंड करून उभे राहा. आधी झिरो, सोबत रेटचा आकडा पण पाहा, कारण साधं मागितलं तरी कधी कधी प्रीमियमचं नोझल लागते अन् ते लिटरमागे बरंच महाग असते. "साधं टाका" हे तोंडानं सांगा.

सगळ्यात जुना खेळ हा आहे. तुम्ही पाचशे म्हणता, तो शंभरावर थांबतो, "अरे सॉरी, पाचशे का?" म्हणते अन् पुन्हा सुरू करते, तोवर दुसरा पोरगा तुम्हाला कार्ड की कॅश विचारून रायला असते. आता मीटर झिरो होऊन ४०० पर्यंत गेलं तर ठीक, पण झिरो न करता शंभरावरूनच पुढं ४०० पर्यंत गेलं तर शंभर रुपये गेले. म्हणून नियम एकच, मधात थांबलं की पैशाचं बोलणं बंद अन् नजर मीटरवर. नोझल पण धार पूर्ण थांबल्यावरच काढू द्या.

आता ते ११०, २१० चं टाकायचं, राऊंड फिगरचं नाही, कारण राऊंड फिगरला मशीन सेट असते म्हणे. मशीनमध्ये गडबड करणारा १०० ला करू शकते तर ११० ला पण करू शकते बाप्पा. त्याचा खरा इलाज म्हणजे पाच लिटरचं माप. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागते अन् कोणताही ग्राहक ते मागू शकतो. मॅनेजरला शांतपणे सांगा. माप आधी पेट्रोलनं ओलं करून रिकामं करतात, मग त्यात मीटरवर बरोबर पाच लिटर सोडायचं, माप सपाट जागी ठेवून मानेवरची रेघ डोळ्याच्या लेव्हलला वाचायची. २५ मिलीपर्यंत कमी-जास्त चालते, त्याहून कमी भरलं तर त्या नोझलची तक्रार होते. फक्त एक करा, हे संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी मागू नका, मागचे लोक पंपवाल्याला सोडून तुम्हालाच शिव्या देतील. दुपारी जा.

भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा, तो पण मोफत आहे. नोझलचं तोंड पुसून एक थेंब पेपरवर टाकायचा, दोनेक मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. डाग राहिला तर पुढं डेन्सिटी तपासायला सांगा, काचेच्या जारमध्ये पेट्रोल घेऊन हायड्रोमीटर अन् थर्मामीटर बुडवतात, मग चार्ट पाहून आकडा १५ डिग्रीला बदलून घेतात. पेट्रोलला हा ७२० ते ७७५ (किलो प्रति घनमीटर) च्या मधात पाहिजे, अन् टँकरच्या चलनावर जो लिहिलाय त्याच्यापासून ३ पेक्षा जास्त फरक नको. पावसाळ्यात आणखी एक विचारा, पंपाच्या टाकीत पाणी आहे का ते डिपच्या काडीला पाणी ओळखायची पेस्ट लावून पाहिलं का, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढून घेते.

सकाळी थंडीत भरलं की जास्त मिळते हे पण ऐकलं असेल. तापमानानं पेट्रोल फुगते हे खरं, दहा डिग्रीला साधारण एक टक्का, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथं सकाळ-दुपारचा फरक नावालाच. सकाळी जायचं तर गर्दी नसते म्हणून जा.

मायलेज

"गाडी देतच नाही" असं म्हणणाऱ्या दहापैकी नऊ जणांनी मोजलेलं नसते. ऑटो कट होईपर्यंत फुल करा, ट्रिप मीटर झिरो, दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा (मधात टाकावं लागलं तर बिल ठेवा), मग त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत फुल. किलोमीटर भागिले लिटर. स्पीडोमीटरवर जो आकडा दिसते त्याच्यापेक्षा हा खरा.

आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलवालं, ज्याचे मोठे पुरस्कर्ते आपलेच खासदार गडकरी साहेब. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा एक तृतीयांश कमी असते, म्हणून मायलेज काही टक्के घसरणार हे गृहीतच धरा, त्यात तुमच्या मेकॅनिकची चूक नाही. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर सर्व्हिसिंगला इंधनाचे रबरी पाईप नक्की पाहायला लावा. महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी अगदी रिकामी सोडू नका.

हवा थंड टायरमध्ये भरा, म्हणजे सकाळी. दुपारी वर्धा रोडवरून तापून आलेल्या टायरमध्ये प्रेशर जास्तच दाखवते, ते पाहून हवा सोडली की रात्री टायर कमी हवेचा. पंपावर हवा फुकट आहे, पैसे मागितले तर देऊ नका. सिग्नलला अर्धा मिनिट जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद.

मेट्रोचं एवढंच सांगतो, घर अन् ऑफिस दोन्ही स्टेशनजवळ असेल, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक किंवा लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, तर हिशोब करून पाहा. स्टेशनपासून पुढं ऑटो करावा लागत असेल तर ती बचत त्यातच जाते. हिंगणा एमआयडीसीला जाणाऱ्या चौघांनी एक गाडी करणं त्याहून स्वस्त पडते. सीएनजी किट बसवायच्या आधी इथला रेट पाहा, पुण्या-मुंबईचा नाही, २०२२ मध्ये नागपुरात तो १२० रुपये किलोला गेला होता.

आता राग

बिल घ्या, दर वेळी. बिलाशिवाय तक्रार म्हणजे नुसती गोष्ट. माप कमी असेल तर वैधमापन विभाग, भेसळ किंवा वागणूक असेल तर पंपावरची तक्रार वही अन् बोर्डावर लिहिलेला कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर, कोणीच ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. तारीख, वेळ, नोझल नंबर, मीटरचा फोटो एवढं असलं की काम होते. पंपवाल्याला लिटरमागे चार रुपयांच्या आसपास कमिशन मिळते, त्यामुळे रेटसाठी त्याची कॉलर धरून उपयोग नाही.

रेटचं दोन जागी मागायचं. एक्साईजसाठी दिल्ली, म्हणजे खासदार. व्हॅटसाठी राज्य, अन् इथं आपलं नशीब असं की डिसेंबरात अख्खं सरकारच अधिवेशनाला नागपुरात येऊन बसते, बाकी जिल्ह्यांच्या लोकांना मोर्चा घेऊन इथवर यावं लागते. तेव्हा आमदाराला निवेदन द्यायचं तर "महागाई कमी करा" असं गोल लिहू नका, ते टोपलीत जाते. लिहा की व्हॅट टक्क्यात न ठेवता लिटरमागे ठरलेल्या रुपयात करा म्हणजे भाव भडकला तरी कर भडकणार नाही, ती वरची पाच रुपयांची ठोक रक्कम काढा, अन् पेट्रोल जीएसटीत आणायला राज्याची तयारी आहे का ते कौन्सिलमध्ये सांगा. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.