कर्नलमधला 'रीड' शेवटी सापडला तो असा

लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) सोर्स कोड उतरवून घेतला, पण सगळं वाचायच्या भानगडीत पडलो नाही. एकच सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) धरला: रीड, म्हणजे फाइल वाचणं. 'ड्रायव्हर्स' फोल्डरकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही; निम्म्याहून जास्त कोड तिथेच आहे आणि त्यातला बहुतेक आपल्या मशीनवर चालतही नाही.

'सिस_रीड' हे नाव ग्रेप केलं (कोडमध्ये शोधलं) तर हेडर फाइलमधली घोषणा दिसते, फंक्शन काही सापडत नाही. कारण ते नाव 'सिसकॉल_डिफाइन३' हा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी कोड तयार करणारा साचा) तुकडे जोडून तयार करतो (३ म्हणजे तीन आर्ग्युमेंट्स). मॅक्रोच शोधला आणि 'एफएस' फोल्डरमधली 'रीड_राइट.सी' हाती लागली. तिथून कॉल 'केसिस_रीड'मध्ये जातो, मग 'व्हीएफएस_रीड'मध्ये. इथवर सीस्कोप (कोणतं फंक्शन कुठे आहे ते शोधून देणारं साधन) पुरतो. 'मेक सीस्कोप' दिलं की इंडेक्स तयार.

पुढे गाडी अडली. 'एफ_ऑप' या फाइलवरच्या क्रियांच्या यादीतल्या फंक्शन पॉइंटरमधून (फंक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमधून) कॉल जातो, आणि तो कुठे पोचेल हे फाइल कोणत्या फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीवर) आहे त्यावर ठरतं. नुसतं वाचून डोकं फिरतं. इथे एफट्रेस, म्हणजे चालू कर्नलमधले फंक्शन कॉल टिपणारं कर्नलचंच साधन, कामी आला. त्याच्या ट्रेसिंग फोल्डरमधल्या 'सेट_ग्राफ_फंक्शन' या फाइलमध्ये 'व्हीएफएस_रीड' टाकलं, 'करंट_ट्रेसर'मध्ये 'फंक्शन_ग्राफ', आणि डिस्कवरची एक फाइल कॅट केली (वाचून स्क्रीनवर दाखवली). 'ट्रेस' उघडलं तर इतर प्रोसेसच्या गर्दीत एक्स्ट४ या फाइलसिस्टिमचं 'एक्स्ट४_फाइल_रीड_आयटर' आतल्या कॉल्ससकट समोर! याला रूट (मुख्य अ‍ॅडमिनचे अधिकार) लागतं. आणि काम झालं की ट्रेसर 'नॉप'वर (म्हणजे बंद) न्या, नाहीतर मशीन रेंगाळतं.