परदेशात सेकंड होम : सांगलीतून व्यवहार कसा करावा

सांगलीत चांगला टू-बीएचके घेण्यासाठी लागणाऱ्या पैशांत थायलंडच्या किनाऱ्यावर किंवा जॉर्जिया देशातील बातुमी शहरात लहान फ्लॅट मिळू शकतो, हे खरे आहे. मात्र जाहिरातीतील किंमत पाहून बुकिंगची रक्कम भरण्याआधी आपली बँक आणि आपले चार्टर्ड अकाउंटंट यांच्याशी बोलणे आवश्यक आहे, कारण घर परवडते की नाही हे पैसा देशाबाहेर नेण्याच्या नियमांवरही ठरते.

फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील उदारीकृत प्रेषण योजनेनुसार, म्हणजेच एलआरएसनुसार, निवासी भारतीय व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. त्यासाठी पॅन आणि बँकेचा ए-2 फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज, लागतो. अशा गुंतवणुकीसाठी बँकांनी कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश असल्यामुळे पैसा स्वतःच्या बचतीतलाच हवा. पाठवलेली रक्कम 180 दिवसांत वापरली गेली नाही, तर ती भारतात परत आणावी लागते. हवालामार्गे किंवा रोखीने पैसे पोहोचवून देण्याची तयारी दाखवणाऱ्या एजंटाशी पुढे बोलूच नये.

आता टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते त्या आगाऊ कराचा, हिशेब पाहू, कारण अनेकांचे अंदाजपत्रक इथेच कोलमडते. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाख रुपयांवरील रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस कापते. एका व्यक्तीने एकाच वर्षात 40 लाख पाठवले, तर वरच्या 30 लाखांवर 6 लाख रुपये द्यावे लागतात. ते आयकरात वळते होतात किंवा परत मिळतात. तोवर मात्र ते अडकून राहतात. पती-पत्नी दोघांनी आपापल्या उत्पन्नातून प्रत्येकी 20 लाख पाठवल्यास ही कपात 4 लाखांवर येते.

दुसरा प्रश्न मालकीचा. थायलंडमध्ये परदेशी व्यक्तीला जमीन घेता येत नाही. कॉन्डोमिनियममधील, म्हणजे स्वतंत्र मालकीच्या फ्लॅटच्या इमारतीतील, फ्लॅट घेता येतो, पण त्या इमारतीतील एकूण विक्रीयोग्य क्षेत्राच्या 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. ही मर्यादा भरलेली नाही, याचे पत्र इमारतीच्या व्यवस्थापनाकडून घ्यावे. स्वस्त ‘व्हिला’ म्हणून जे दाखवले जाते ते बहुधा 30 वर्षांचे भाडेपट्टे असतात, आणि माझ्या मते सुट्टीपुरत्या घरासाठी ते घेऊ नयेत. जॉर्जियात फ्लॅट सहज घेता येतो. शेतजमीन मात्र परदेशी व्यक्तीला सामान्यतः मिळत नाही, हे तासगाव-पलूसकडील द्राक्षबागायतदारांनी तिथल्या द्राक्षमळ्यांच्या मोहात पडण्यापूर्वी लक्षात ठेवावे. आपण सात-बारा पाहिल्याशिवाय इसार देत नाही, तसाच तिथल्या सार्वजनिक नोंदणी कार्यालयाचा उतारा पाहावा, आणि तो तपासणारा वकील विक्रेत्याने सुचवलेला नसावा. घर घेतल्याने व्हिसा आपोआप मिळत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे.

खरेदीनंतर दरवर्षी आयकर विवरणपत्रात ‘शेड्यूल एफए’मध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, या घराची नोंद करावी लागते, त्यामुळे साधा आयटीआर-1 चालत नाही. घरभाडे मिळाल्यास ते भारतातही करपात्र ठरते. नोंद चुकवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो, म्हणून खरेदीखत, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि ए-2 फॉर्मच्या प्रती एका फाइलमध्ये कायम जपून ठेवाव्यात.