स्टँडपाइपचा काटा आणि तुमचं एक्सेल: या चुका टाळा

आमच्या तेलविहिरी खोदण्याच्या कामात जुलैत नवी पोरं रुजू होतात आणि ऑगस्टपर्यंत त्याच चुका माझ्या टेबलावर येतात. पावसामुळे जुहूहून हेलिकॉप्टर उडालं नाही की रिगवर (समुद्रातल्या खोदकामाच्या फलाटावर) जाणारेही अंधेरीतल्या ऑफिसात बसून हायड्रॉलिक्स, म्हणजे विहिरीत पंपाने फिरवलेल्या मडच्या (खोदकामाच्या चिखलाच्या) दाबाचा हिशेब, करायला लागतात. मग तर चुकांचं पीकच येतं.

सगळ्यात चीड आणणारी चूक म्हणजे काटा जुळवणं: पंपातून मड विहिरीकडे नेणाऱ्या स्टँडपाइपवरच्या प्रेशरच्या काट्याशी एक्सेलचं उत्तर ओढूनताणून बसवणं. मॉडेल म्हणतं 2,600 पीएसआय, रिगवर काटा दाखवतो 2,450. मग घर्षणाला 0.94 चा गुणक लावायचा, दोन रेषा एकमेकींवर बसल्या की चहाला जायचं.

एकदा अरबी समुद्रातल्या एका विहिरीचं काम आमच्याकडे होतं. एक हुशार पोरगा दर काही तासांनी गुणक बदलत होता: 1.00, 0.97, 0.94, 0.91. मी संध्याकाळी आलो तर म्हणाला, "सर, मस्त मॅच होतंय." विचारलं, पंपाचे स्ट्रोक बदलले का? नाही. मडचं वजन? तेच. व्हिस्कॉसिटी? तीच. मग खोली वाढतेय आणि प्रेशर उतरतंय, हे कसं? त्याचा चेहरा पडला. रिगला फोन केला, स्ट्रिंग (विहिरीतली पाइपांची माळ) वर काढली. ड्रिल पाइपला टूल जॉइंटच्या (दोन पाइप जोडणाऱ्या सांध्याच्या) जरा खाली बोट जाईल एवढं भोक! वॉशआउट: मडनेच पाइप झिजवून पाडलेलं भोक, त्यातून मड निसटला की प्रेशर उतरतं. आणखी काही तास गेले असते तर पाइप तुटून फिशिंगची (तुटलेला तुकडा विहिरीतून काढायची) पाळी आली असती. विहीर दुपारपासून ओरडत होती आणि आम्ही गुणक लावून तिचं तोंड दाबत होतो.

तेव्हापासून माझी सवय अशी: गुणक एकदाच ठरवायचा, केसिंग शूच्या (विहिरीतल्या पोलादी अस्तराच्या तळाच्या) आत, खडक फोडायला सुरुवात करण्याआधी. तो वहीत पेनने लिहायचा. नंतर फरक पडला की आधी रिगला फोन, मग कीबोर्ड.

दुसरी माझी लाडकी चूक: व्हिस्कोमीटरची (मडचा घट्टपणा मोजणाऱ्या यंत्राची) 600 आणि 300 आरपीएमची रीडिंग घेऊन अख्खी विहीर सोडवणं. ती दोन रीडिंग पाइपच्या आतल्या वेगाची. बाहेर ॲन्युलसमध्ये (पाइप आणि विहिरीची भिंत यांमधल्या पोकळीत) मड सावकाश वर येतो, तिथला हिशेब साधारण 100 च्या खालच्या रीडिंगशी जुळतो. समजा 600 ला 60 आणि 300 ला 38 आलं. पीव्ही (प्लास्टिक व्हिस्कॉसिटी) 22, वायपी (यील्ड पॉइंट, मड हलायला लागणारा जोर) 16. बिंगहॅम मॉडेलला 3 आरपीएमचं विचारा, तो 16 सांगेल. पॉवर लॉ मॉडेल सांगेल जेमतेम 2. मीटरवर असतं 6! म्हणजे एकाने बढाई मारली, दुसऱ्याने कंजुषी केली. सहाही रीडिंग (600, 300, 200, 100, 6, 3) भरा आणि हर्शेल-बल्कली मॉडेल वापरा. 3 च्या रीडिंगची दुप्पट करून 6 चं वजा केलं की यील्डचा सुरुवातीचा अंदाज मिळतो. "सर, रिपोर्टमध्ये दोनच रीडिंग आहेत" हे कारण मी ऐकून घेत नाही. बाकीची मागवा.

मुंबई हायच्या चुनखडकात हे नुसते चोचले नाहीत. इतकी वर्षं तेल उपसल्यावर तिथे जादा ईसीडीला (मड फिरताना घर्षणामुळे वाढलेल्या त्याच्या भासमान वजनाला) मड खडकात कधी गिळला जाईल सांगता येत नाही. त्यात कोणीतरी आडव्या विहिरीत ईसीडी काढताना टीव्हीडीऐवजी (सरळ खाली मोजलेल्या खोलीऐवजी) एमडीने (विहिरीच्या वाटेने मोजलेल्या लांबीने) भागतो. ॲन्युलसमध्ये 200 पीएसआय घर्षण आहे, टीव्हीडी 4,500 फूट, एमडी 9,000. खरी वाढ साधारण 0.85 पीपीजी (पौंड प्रति गॅलन), याच्या शीटवर अर्धी. घर्षण मोजायचं एमडीवर, भागायचं टीव्हीडीने. एवढंच.

बिटचं (खडक फोडणाऱ्या टोकाचं) नॉझल 12 ऐवजी 13 (बत्तिसांश इंच) टाकलंत तर बिटवरचा प्रेशर ड्रॉप चतुर्थांशाहून जास्त कमी दिसतो. बिट रेकॉर्ड पाहा, आठवणीवर जाऊ नका.

पंपाचा लायनर (सिलिंडरचं अस्तर) 6 इंची आहे की साडेसहा, तेही विचारा. फ्लोमध्ये सतरा टक्क्यांचा फरक, प्रेशरमध्ये जवळपास एक तृतीयांशाचा.

बिटमागची मोटर आणि एमडब्ल्यूडीचा (खोदता खोदता मोजमाप घेणाऱ्या उपकरणाचा) प्रेशर ड्रॉप कंपनीच्या तक्त्यातूनच घ्या. "गेल्या विहिरीत 400 घेतला होता" असं म्हणणाऱ्याला मी जिना उतरून पायी अंधेरी स्टेशनला जाऊन यायला सांगतो.

आणि व्हिस्कोमीटरचं रीडिंग 49 अंश सेल्सिअसला घेतलंय की 65 ला, हे न विचारता आकडे भरू नका. रिगवरचा मड इंजिनिअर रात्री अडीचला झोपेतून उठला तरी चालेल. आधी शिव्या देतो, मग अर्धा तास सोडत नाही. त्याला एरवी कोणी काही विचारतच नाही.