जर्मनीतल्या ट्युबिंगनला रेटिनावर (डोळ्यातल्या दृष्टिपटलावर) काम करायला येणाऱ्यांसाठी

घर मिळताच पालिकेत पत्त्याची नोंदणी करा, त्या कागदाशिवाय बँक आणि विमा अडून राहतात. घराबद्दल एवढं पुरे.

मला खरं सांगायचंय ते अंधाराबद्दल. रात्रभर अंधारात ठेवलेल्या उंदराची रेटिना मंद लाल किंवा इन्फ्रारेड प्रकाशात काढायची, कार्बोजेनचे (ऑक्सिजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड यांच्या मिश्रणाचे) बुडबुडे सोडलेल्या द्रावणात ठेवायची, हे सुरुवातीलाच शिकवतात. खिशातल्या फोनबद्दल मात्र कुणी बजावत नाही. स्क्रीन उजळली की रॉड पेशींमधलं, म्हणजे मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशींमधलं, काही रोडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं रंगद्रव्य फिकं पडतं. जिवंत डोळ्यात ते पुन्हा तयार होतं, कारण रेटिनामागचा रंगद्रव्य पेशींचा थर त्यासाठी लागणारं रेटिनल हे रसायन पुरवत असतो. तुम्ही तर रेटिना त्या थरापासून सोडवून घेतलेली असते! जेवढं फिकं पडलं, तेवढं गेलंच. शिवाय उजेडात पाहणाऱ्या कोन पेशी चालू असतात, मेंदूकडे संदेश पाठवणाऱ्या गँग्लियन पेशी छान प्रतिसाद देत राहतात, त्यामुळे काही बिघडलंय हे कळतही नाही. एका अतिशय मेहनती मुलाचं अख्ख्या हिवाळ्याचं काम असं वाया गेलेलं मी पाहिलंय. मंद प्रकाशातल्या त्याच्या एकाही नोंदीवर विश्वास ठेवता येईना. फोन खोलीबाहेर ठेवा. हातातलं घड्याळही. उपकरणांच्या बारीक दिव्यांवर काळी टेप लावा आणि पाहुण्या प्रोफेसरांनाही फोन आत आणू देऊ नका.

उंदीर मागवताना नुसतं ‘सी५७ब्लॅक६’ हे जातीचं नाव लिहू नका. त्यातल्या ‘एन’ उपजातीत आरडी८ हा रेटिना बिघडवणारा जनुकीय दोष असतो, ‘जे’मध्ये नसतो. एफव्हीबी या दुसऱ्या जातीच्या उंदरांमध्ये आरडी१ हा दोष असतो आणि त्यांच्या रॉड पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. दुसऱ्या प्रयोगशाळेतून भेट आलेल्या उंदरांची जनुकीय तपासणी आधी करून घ्या.

पैशांचं. स्टायपेंड (विद्यावेतन) आणि नोकरीचा करार यांत निवड असेल तर करारच मागा. आपली मुलं संकोचतात, ‘सर देतील ते’ म्हणतात. इथे विचारण्यात काहीच उद्धटपणा नाही. करारात पेन्शन आणि बेकारी विमा येतो, स्टायपेंडमध्ये येत नाही. २००७च्या कायद्यानुसार विद्यापीठातल्या मुदतीच्या नोकरीला साधारणपणे पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षांची मर्यादा आहे. बाहेरच्या निधीवरच्या प्रकल्पांचे नियम वेगळे. तुम्ही कुठल्या कलमाखाली आहात, हे सही करण्याआधी विचारा.

स्टुटगार्ट जवळच आहे, १९६८पासून मुंबईची भगिनी-नगरी. तिथे गणपतीला जरूर जा, माणसं प्रेमानं जेवायला वाढतात. पण करिअरचा सल्ला तिथे घेऊ नका. कार उद्योगातल्या आपल्या लोकांना तिशीतलं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन) म्हणजे रखडलेलं शिक्षण वाटतं आणि त्या एका संध्याकाळीनं चांगली मुलं महिनाभर खचलेली मी पाहते. उंदराच्या रेटिनातून मेंदूकडे तिसाहून जास्त प्रकारचे संदेश जातात, हे २०१६ साली याच गावातल्या गटानं दाखवलं. त्यातल्या कितीतरी प्रकारांचं काम अजून उलगडायचंय, म्हणून तुम्ही इथे आहात.

जर्मन सहकारी बैठकीत तुमच्या निकालांच्या आकृतीची चिरफाड करतील आणि त्याच संध्याकाळी तुमचा बिघडलेला सेटअप दुरुस्त करायला थांबतील. दोन्ही मनापासून असतं.

डिसेंबरमध्ये दुपारी अर्धा तास बाहेर पडाच, नाहीतर दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकतात, तेव्हा प्राणीघरातल्या दिव्यांची वेळ बदलली का, हे सोमवारी प्रयोगाआधी विचारा.