प्रेग्नंसीत वजनं उचलताय? मग कळांची तयारी अशी करा

जिमला जाणाऱ्या बाईला दिवस गेले की घरात दोन्हीकडून सल्ले सुरू होतात. एकीकडे "वजनाला हात लावू नकोस, पिशवी खाली येईल", आणि सातवा लागला की त्याच तोंडाने "उकिडवं बसून फरशी पूस, नॉर्मल होईल". म्हणजे वजनाचा बार नको पण भरलेली बादली चालते. असो.

आधी अपेक्षा जागेवर आणू. कळांचा पहिला आणि सगळ्यात लांबणारा टप्पा म्हणजे गर्भाशयाचं तोंड उघडणं, आणि ते काम करणारा स्नायू आपल्या हुकमात नसतो, कितीही स्क्वॉट्स मारले तरी तो ऐकत नाही, तुमच्या डेडलिफ्टचा (जमिनीवरून बार उचलायचा) आकडा तिथे कुणी विचारत नाही. स्पेनमधे २००९ साली एक ट्रायल आली, हलक्या वजनांचा व्यायाम केलेल्या आणि न केलेल्या बायकांमधे नॉर्मल-सिझेरियनच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०१८ च्या तिथल्याच दुसऱ्या ट्रायलमधे एरोबिक्स आणि हलकी स्ट्रेंग्थ असा मिक्स व्यायाम केलेल्यांचा पहिला टप्पा पाऊण-एक तासाने कमी भरला. हे झालं हलक्या वजनांचं. जड वजनांवर डेटा कमी आहे. २०२३ मधे एक मोठा सर्व्हे आला, एकदाच जेमतेम उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८० टक्के किंवा जास्त उचलणाऱ्या बायकांचा, त्यात काही भयंकर दिसलं नाही, पण तो बायकांनी स्वतः भरलेला सर्व्हे, आणि त्या आधीपासूनच लिफ्टिंग करणाऱ्या, त्यामुळे त्यावरून कालपर्यंत चालायलाही न जाणाऱ्या बाईने बार उचलायला घेऊ नये.

"व्यायामाने खालचे स्नायू घट्ट होतात आणि बाळ अडतं" ही भीती मात्र सोडून द्या. आइसलँडमधे टॉप लेव्हलच्या महिला खेळाडूंची बाळंतपणं इतर बायकांशी ताडून पाहिली, तातडीची सिझेरियनं किंवा बाळ बाहेर ढकलायला लागलेला वेळ जास्त नव्हता. नॉर्वेत तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम गरोदरपणात केलेल्या बायकांमधे तो ढकलण्याचा टप्पा तासापेक्षा जास्त लांबलेल्या कमी होत्या.

माझ्या मते घोटाळा ताकदीचा नाहीच, सवयीचा आहे. जड उचलणारी बाई काय करते, श्वास भरते, दाबून धरते, पोट कडक करते आणि त्याच वेळी खालचा तळ वर आवळून घेते. वर्षानुवर्षं हे इतकं अंगात मुरलेलं असतं की जोर लावायचा म्हटलं की तळ आपोआप आवळला जातो. कळांमधे पाहिजे नेमकं उलटं, पोटाने जोर आणि तळ सैल. हे शिकावं लागतं, आणि लेबर रूममधे शिकायला वेळ नसतो.

शिकायचं असं. टॉवेलची जाड गुंडाळी करून खुर्चीवर पुढून मागे अशी आडवी टाका, म्हणजे दोन पायांच्या मधे येईल, आणि तिच्यावर बसा. नाकाने श्वास घ्या, खालचा भाग टॉवेलवर हलकेच टेकतोय, पसरतोय असं वाटलं पाहिजे. आता जिममधे करता तसा श्वास धरून जोर लावा, टॉवेलपासून तळ वर उचलला गेला तर समजा सवय पक्की आहे. मग जबडा सैल सोडून, तोंडाने "हाऽऽ" करत, शी करताना देतो तेवढाच हलका जोर खाली सोडून पहा. मोठा जोर घरी लावायचा नाही, फक्त तळ खाली सुटतो का एवढंच बघायचं. आठव्या महिन्यापासून रोज चार-पाच मिनिटं पुरे, पण नुसते आवळण्याचे सेट्स करत बसू नका, प्रत्येक आवळण्यानंतर पूर्ण सोडणं तेवढंच मोजा.

आता वजनांचं. आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "योगा करते" असं मोघम नको, किती किलो आणि आठवड्यातून कितीदा ते सांगा. वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तस्राव होत असेल, बीपी चढलं असेल किंवा जुळी असतील तर ट्रेनरचं नाही, फक्त डॉक्टरांचं ऐकायचं. हिमोग्लोबिन बघाच, २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपल्याकडच्या ५२.२ टक्के गरोदर बायका ॲनिमिक निघाल्या, आणि रक्त कमी असताना सेट्स मारून दम लागतो तो फिटनेसचा नसतो.

सगळं ठीक असेल तर आधीपासून करत असाल तेच चालू ठेवा, फक्त प्रत्येक सेटला अजून तीन-चार रेप्स (म्हणजे तीन-चार वेळा उचलणं) जमल्या असत्या असं वाटतानाच थांबा. मॅक्स काढणं, म्हणजे जास्तीत जास्त किती उचलता येतं ते बघणं, बंद. श्वास धरायचा नाही, उचलताना सोडायचा. क्लीन-स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून झटक्यात वर नेणं, सोडा, बार पोटाला लागतो. डेडलिफ्टला पोट आलं की बार पुढे ढकलला जातो आणि कंबर मार खाते, त्याऐवजी पाय फाकवून दोन पायांच्या मधे केटलबेल (वर कडी असलेलं गोल वजन) घ्या. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर आडवं पडून बेंच प्रेस (बाकावर झोपून बार वर ढकलणं) नको, गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर येतं आणि चक्कर येते, बाक तिरका करा. पोटाच्या मधोमध तंबूसारखा उंचवटा आला तर ते वजन त्या दिवशी जास्त आहे. आणि मे महिन्यात पंखा नसलेल्या जिममधे तर जाऊच नका, सरळ घरी करा.

करताना पाणी जाणं, रक्त दिसणं, ठराविक अंतराने कळा, छातीत दुखणं, जोराची डोकेदुखी, एका पोटरीला सूज, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर बार खाली ठेवा आणि फोन करा, सेट पूर्ण करायचा नाही.

कळा सुरू झाल्यावर लिफ्टिंगवाल्या बायकांना अजून एक खोड नडते, त्या पहिल्याच तासापासून मेहनत करायला लागतात, जिन्याने वरखाली, स्क्वॉट्सवर स्क्वॉट्स. पहिलटकरणीला बारा तासही सहज लागू शकतात. सुरुवातीला झोप येत असेल तर झोपा, डॉक्टरांनी बंद केलं नसेल तर पेज, केळं, सरबत काहीतरी पोटात असू द्या. पायांची ताकद उपयोगी पडते ती पुढे, उभं राहायला, गुडघ्यांवर ओणवं व्हायला, बॉलवर बसून कळ काढायला. बऱ्याच ठिकाणी शेवटी पाठीवरच झोपवतात, त्यामुळे कुशीवर चालेल का हे आधीच्या व्हिजिटलाच विचारून ठेवा. आणि सोबत येणाऱ्याला, नवरा असो की आई, एकच काम द्या, जबडा आणि खांदे आवळलेले दिसले की "सोड" म्हणायचं.