शिफारसपत्रं दिवाळीआधीच मागा

ठाण्यात किंवा वाशीत एमएस्सी करताय आणि अमेरिकेत पीएचडीला अर्ज करायचाय? बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबरातच संपते. शिफारसपत्रं सहसा ३ लागतात आणि ती सर-मॅडमनी स्वतः अपलोड करायची असतात. लिंक थेट त्यांच्या ईमेलवर जाते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांना गाठा, नंतर ते परीक्षा आणि पेपर तपासण्यात अडकतात.

जाताना प्रोजेक्टची माहिती एका पानावर लिहून न्या. उदाहरणार्थ, ठाणे खाडीच्या पाण्यातलं शिसं मोजताना रीडिंग का हलत होतं, तुम्ही ते कसं सुधारलंत, हे त्यात हवंच. नुसत्या ‘हुशार आणि मेहनती’वर निवड समितीचं समाधान होत नाही. अर्जात सर-मॅडमचा ईमेल शक्यतो कॉलेजचाच द्या. आणि हो, अर्जाची फी माफ होते का, तेही विद्यापीठाला बिनधास्त विचारा.