उघडिपीतली मेणवली आणि नंतरची गरम भाकरी

पावसाळ्यात वाईहून मेणवलीच्या घाटापर्यंत पायी जायचं, तर आधी जेवण ठरवा, मग चालणं. आम्ही एकदा उलटं केलं. वाईत रात्री नऊला ओल्या मोज्यांनी खानावळीच्या दारात उभे राहिलो, तर आतून "संपलं हो" असा आवाज आला. मग स्टँडवर बसून ग्लुकोजची बिस्किटं खाल्ली. वन्सं अजून बोलून दाखवतात.

तेव्हापासून एसटीतून उतरलं की शेवटची गाडी किती वाजता ते चौकशीच्या खिडकीवर विचारते आणि तडक खानावळीत जाते. "मावशी, साडेसातला तिघं येतो. ज्वारीची भाकरी, पिठलं, वांगं." भाकऱ्या किती ते सांगायचं नाही, माणसं किती तेवढं सांगायचं. एक पिशवीही तिथंच ठेवायची. तिच्यात प्रत्येकाचे कोरडे मोजे, साध्या चपला आणि एक पंचा. ही पिशवी म्हणजे निम्मी सहल.

दिवस निवडताना वाईच्या आभाळावर जाऊ नका. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, इथून तीसेक किलोमीटरवर. तिथं कोसळत असतो तेव्हा वाईत नुसती भुरभुर असते. शिवाय वर धोमचं धरण. पाणी सोडलं की लख्ख उन्हातसुद्धा नदी चढते. म्हणून घाटावर आधी कुणाला तरी विचारायचं, "पाणी सोडलंय का?" दोन दिवस झड लागून तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली, तर तो दिवस आपला. गौरी-गणपती उरकल्यावर असा एखादा दिवस हमखास सापडतो.

निघायचं चारच्या सुमारास, ढोल्या गणपतीला नमस्कार करून. देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. पुढून सगळेच बघतात, तुम्ही मागे जा. मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. पावसाळ्यात, नदी गढूळ असताना, ती भिंत बघताक्षणी कळते. उन्हाळ्यात नुसती गंमत वाटते.

तिथून मेणवली तीन-साडेतीन किलोमीटर. रस्ता डांबरी आहे, तो सोडू नका. कडेला ऊस आणि हळद. हळदीची पानं पावसानं धुऊन अशी तकतकीत झालेली असतात की बांधावरून आत जावंसं वाटतं. आमचे हे गेले, नवे पांढरे बूट घालून. काळी माती ती! चार पावलांत एकेका बुटाला शेर-शेरभर लोळा. पाचव्या पावलाला पाय वर आला, बूट आत राहिला. बरं, जीन्सही नको. भिजली की रात्रीपर्यंत मांड्यांना चिकटून राहते. सुती सलवार किंवा पातळ पँट बरी. रेनकोटापेक्षा लांब दांड्याची छत्री घ्या. शिरवं आलं तर डोक्यावर, नाहीतर गवतातून जाताना पुढे ठोकत न्यायला.

वाटेत भजी खायची नाहीत. वास येईल, मन होईल, पण नाही. फार तर अर्धा कप चहा.

मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, पण तो बघायचा तर वेगळ्या दिवशी सकाळी या. संध्याकाळ घाटासाठी ठेवा. देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या लुटीतली ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. वन्सं दर वेळी तिलाही हात जोडतात. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरच बसा. खालच्या शेवाळलेल्या असतात आणि नदीला तुमची ओळख नसते.

उजेड असतानाच उठा. परतताना विजेरी हवीच, कारण पावसानंतर सापकिरडं ऊबदार डांबरावर येऊन पडतात. कुणाचे गुडघे कुरकुरले तर सरळ रिक्षा करा, त्यात कमीपणा नाही.

खानावळीत शिरल्यावर आधी मोरीवर पाय धुवा. बोटांच्या बेचक्यांतून पंचा फिरवा, कोरडे मोजे चढवा, मगच पाटावर किंवा बाकावर बसा. भाकरी एकेकच मागवायची. तव्यावरची उतरली की मोडून तिघांनी वाटून घ्यायची, तोवर दुसरी फुगते. एकदम चार आणल्या तर तिसरीपर्यंत वातड होतात. पहिला घास ठेच्याशी, मग पिठल्याशी. भात शेवटी, तोही ताकाशी. मावशींना घाई नसते, आपणही करू नये. गाडीची वेळ दुपारीच विचारलेली असते.

घरी आल्यावर बूट नळाखाली धरू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा, माती वाळली की आपटून पाडा. आमच्या ह्यांनी माझं न ऐकता त्याच रात्री ब्रशनं घासले. ते बूट आता चहाच्या रंगाचे झालेत, आणि दळण आणायला जाताना वापरतात.